दीड मिलिमीटर

आवाज फार मोठा नव्हता. अडकित्त्यात कडक सुपारी फुटावी तेवढाच. वीरेंद्रला तो ऐकू येण्याआधी बोटांत जाणवला, कारण त्याचा डावा हात टेबलाच्या कडेवर होता आणि मशीन चालू असताना टेबलातून सतत वर येणारी बारीक थरथर एकदम बदलली. मशीन मात्र थांबलं नाही. वरची मोटर तशीच फिरत राहिली, पट्टे आपापल्या रुळांवर सरकत राहिले, आणि सागाच्या फळीवर ‘ताराबाई’मधला ‘बा’ कोरायला निघालेलं मशीनचं तोंड आता लाकडाला न शिवता, वरच्या वर, हवेत तेच वळण शांतपणे गिरवत राहिलं. त्याने चार-पाच सेकंद नुसतं पाहिलं. मग लाल बटण दाबलं. मोटर उतरत उतरत गप्प झाली. कोरणारं बिट धरणाऱ्या चिमट्यात त्याचा जाड दांडा शाबूत होता. त्याच्या खाली जिथे धारेचा बारीक पीळ असायला हवा होता तिथे साखरेच्या खड्यासारखा करडा, तुटका ठिपका उरला होता. बाकीचा तुकडा फळीवर नव्हता.

“काय झालं गा?” माय म्हणाली.

ती तिथेच होती, तीन पावलांवर. डिसेंबरचं ऊन दुपारी दारातून आत यायचं आणि बाहेरच्या खोलीत फरशीवर चटईएवढा चौकोन पडायचा. त्या चौकोनात पोतं टाकून, पाय लांब करून ती सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिचे तळपाय मशीनकडे होते. एकाला पाच बोटं, एकाला चार.

“काई नाही, माय,” तो म्हणाला. “बंद केली जराशी.”

एवढंच म्हणाला. पुढे कित्येक दिवस या वाक्यापाशी तो परत परत येणार होता, पण त्या क्षणी ते अगदी साधं, घरात रोज बोलतात तसं वाक्य होतं. डोळ्यांवरचा प्लास्टिकचा चष्मा त्याने काढला. चष्मा मात्र त्याने लावला होता. नागपूरच्या दुकानातल्या अनुपने फोनवर बजावून सांगितलं होतं, “चष्मा पाहिजेच दादा, आणि मशीनच्या चारी बाजूनं डब्बा. तुकडा उडाला तर कुठं जाईल सांगता येत नाही.” डब्बा करायचा राहिला होता.

मशीन येऊन तीन आठवडे झाले होते. पवनीच्या बसस्टँडजवळ वीरेंद्रचं झेरॉक्स, लॅमिनेशन आणि रबरी शिक्क्यांचं दुकान होतं. वीस वर्षं तो लोकांची नावं उलटी लावून शिक्के करत आला होता. नावं सुलटी, लाकडात, खोल कोरलेली असावीत असं त्याला फार दिवसांपासून वाटत होतं. मशीन त्याने स्वतः जोडलं, एकेक नट, मोबाइलवर चित्र बघत. ते जोडणं सोपं गेलं. अडचण बिटांची होती. मशीनसोबत दहा बिटांची एक डबी आली होती, सगळी टोकदार. व्हिडिओत माणसं वेगळीच बिटं वापरायची, सपाट तोंडाची, त्यांना ती एंड मिल म्हणायची. एका धारेची, दोन धारांची, चार धारांची. भुसा वर फेकणारी आणि भुसा खाली दाबणारी. सपाट आणि गोल नाकाची. त्याने आधी सहा मिलिमीटरचं एक जाडजूड मागवलं, तर ते मशीनच्या चिमट्यात शिरेचना. मग अनुपला फोन केला. अनुप चांगला माणूस होता. त्याने पंधरा मिनिटं समजावलं. “तुमी नवीन हा न दादा, मंग जाडा घ्या अन् छोटा घ्या. तीन मिलिमीटर, दोन धारा. लंबं बारीक घ्यायच्या नादी लागू नका, ते लचकते. अन् बारीक लागलंच तर चिमट्यातून जितकं कमी बाहेर निघन तितकं काढा, अन् एका फेरीत थोडं थोडं खोदा.” वीरेंद्रने हे सगळं दुकानातल्या वहीत लिहून घेतलं होतं. तीन मिलिमीटरच्या बिटाने त्याने बाबांचं नाव कोरलं, ‘केशवराव’. नाव सुरेख आलं, फक्त दोन्ही ‘व’ची पोटं भरून गेली. जाड बिट त्या पोटात मावत नव्हतं. बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती. दारावर दोघांचं नाव असावं म्हणून खाली मायचं नाव यायचं होतं, आणि ‘बा’चं पोट तर मधल्या तिरप्या रेघेमुळे अजूनच लहान. म्हणून त्याने दीड मिलिमीटरचं निवडलं. त्यातही दोन लांब्या होत्या. आखूड बिट लावलं की चिमटा फळी धरणाऱ्या पट्टीला आपटेल असं त्याला वाटलं. त्याने लांब निवडलं. वहीत लिहिलेलं त्याला आठवत होतं, आणि तरीही हातात घेतल्यावर ते लांब बिट इतकं नाजूक, इतकं नेमकं दिसलं होतं, की आपला हात त्याच्यालायक आहे असं त्याला क्षणभर वाटून गेलं.

माय आत गेली. तिच्या चालण्याचा आवाज आता नेहमीचा झाला होता, फरशीवर ओला कपडा टाकल्यासारखा. टाच, मग बाकीचा पाय एकदम. घरात ती चप्पल घालत नसे. डॉक्टरांनी लिहून दिलेली मऊ निळी चप्पल दारातच असायची. देव असलेल्या घरात चप्पल कशी घालायची, असं तिचं म्हणणं होतं. वीरेंद्र ओणवा झाला. मोबाइलचा उजेड लावून त्याने टेबल पाहिलं, टेबलाखाली पाहिलं, भुसा मुठीत घेऊन चोळून पाहिला. जुन्या स्पीकरचं चुंबक होतं. उरलेला दांडा त्याला लावून पाहिला तर तो आळसावल्यासारखा चिकटला, म्हणजे तुकडाही चिकटेल. त्याने चुंबक कागदात गुंडाळून सगळ्या खोलीभर फिरवलं. दोन खिळे निघाले, एक टाचणी, लोखंडाची काळी धूळ. मग ओल्या फडक्याने फरशी पुसली, फडकं उन्हात पसरून दाण्यादाण्याने पाहिलं. तुकडा एचएमटी तांदळाच्या दाण्याएवढा असणार, थोडा लांब, रंगाने करडा. फरशीही करडीच होती, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची. पोत्याजवळ निवडून टाकलेले खडे आणि कणी सांडलेली होती. ती त्याने हाताने गोळा केली, बाहेर जाऊन ओट्यावर एकेक कण बाजूला केला. खिडकी उघडी होती. खिडकीतून गेला असेल, असं त्याला पहिल्यांदा तेव्हा वाटलं. फळीपासून खिडकी सरळ रेषेत होती. बाहेर रस्ता, रस्त्यापलीकडे पडीक वाफा. तिथे गेला असेल तर प्रश्नच नाही.

सांगता आलं असतं. माय, चप्पल घाल, तुकडा हरवला, एवढं सांगायला काय लागत होतं. पण मायला सांगितलं की ते खुशबूला कळणार होतं. खुशबू, त्याची बायको, आठ दिवसांपूर्वी करडी गावाला गेली होती. तिची लहान बहीण गुड्डी बाळंत झाली होती आणि माहेरी करायला दुसरं कोणी नव्हतं. जाण्याआधी तिने दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, ही मशीन मागच्या टिनाच्या खोलीत हलवा, इथं आई बसतात. दोन, रोज संध्याकाळी आईचे पाय बघा. दुसऱ्याच दिवशी फोनवर तिने विचारलं होतं, “नेली का मशीन मागं?” आणि तो “हो” म्हणाला होता. मागच्या खोलीत उजेड नव्हता, जमीन उंचसखल होती, प्लग सैल होता. उद्या नेऊ, असं म्हणता म्हणता ते ‘हो’ तसंच राहून गेलं. आता तुकडा हरवला म्हणायचं तर तो बाहेरच्या खोलीत कसा हरवला हेही सांगावं लागणार. इतक्या लहानशा कारणासाठी माणूस गप्प राहतो, हे त्याला नंतर कोणाला समजावून सांगता आलं नसतं. स्वतःलाही नाही.

मायच्या पायांतली जाणीव कधी गेली ते कोणाला नेमकं ठाऊक नव्हतं. साखर तिला बाबा असतानाच लागली होती. पाच वर्षांपूर्वी एका सकाळी वीरेंद्र तिला घेऊन घाटावर गेला होता, कसलीशी पूजा होती, गर्दी होती. परत येताना किल्ल्याच्या दरवाजापाशी त्याने सहज खाली पाहिलं तर तिच्या एका पायात चप्पल होती, दुसरा उघडा. “माय, चप्पल कुठं गेली?” तिने खाली पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर आलेला भाव त्याला आधी कधी दिसला नव्हता. हरवल्याचं नव्हतं ते. दुसऱ्या कोणाच्या तरी पायाकडे पाहावं तसं ती आपल्या पायाकडे पाहत होती. त्यानंतर भंडाऱ्याच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक ताठ धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. “टोचतं का आजी?” “हो.” “आता?” “हो.” बाईंनी धागा हवेत धरला, कुठेच टेकवला नाही. “आता?” “हो जी,” माय म्हणाली, हुशार पोरीसारखी. बाईंनी वीरेंद्रकडे पाहिलं. याच पायांनी ती चाळीस वर्षं परक्यांच्या बांधीत धानाचा रोवणा करत आली होती, गुडघाभर चिखलात, आणि चिखलाखालचा खडा कोणता आणि काडी कोणती ते न बघता सांगायची. दोन वर्षांपूर्वी अंघोळीच्या कढत पाण्यात पाय गेला आणि तिला कळलंच नाही. ते भाजणं चिघळून एक बोट काढावं लागलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी खुशबू तिला खाटेवर निजवायची, दिव्याखाली दोन्ही तळवे पुसायची, बोटांच्या बेचक्यांत बघायची. हे तिने कधी मोठं काम म्हणून केलं नाही. कुकरची शिट्टी होईपर्यंतचं काम होतं ते.

त्या संध्याकाळी वीरेंद्रने पाय नीट बघितले. टॉर्च लावून बघितले. काही नव्हतं. इतकं हायसं वाटलं, की जेवताना तो मायला बाबांच्या आठवणी विचारत राहिला आणि तीही खुलली. दुसऱ्या दिवशी त्याने दुकान उशिरा उघडलं, आधी पुन्हा एकदा खोली झाडली. मशीन तिथेच होतं, झाकून ठेवलेलं. त्याला ते चालू करावंसं वाटेना आणि हलवावंसंही वाटेना, कारण हलवताना तुकडा दिसला नाही तर तो खोलीत दुसरीकडे आहे हे नक्की होईल. दुकानात गिऱ्हाईक आधार कार्ड झेरॉक्सला द्यायचं आणि त्याच्या डोळ्यांसमोर काचेवर आधार कार्डाऐवजी करडी फरशी यायची, ठिपक्यांची. प्रत्येक ठिपका तुकडा असू शकत होता. त्याने एकदा अनुपला फोन लावला आणि विचारलं की बिट तुटल्यावर तुकडा साधारण किती लांब जातो. अनुप म्हणाला, “माझा एकदा छताच्या पंख्यात सापडला. तुमचं तुटलं का?” “नाही, नाही,” वीरेंद्र म्हणाला, “असंच विचारून राहिलो.”

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला ठिपका दिसला. उजव्या तळव्यावर, अंगठ्याच्या खालच्या गादीत, जाड झालेल्या पिवळट कातडीत एक काळसर ठिपका. मोहरीहून लहान. भुसा असेल म्हणून त्याने फडक्याने पुसलं. गेला नाही. नखाने हलकेच खरवडलं. माय छताकडे बघत होती, तिला अर्थातच काही कळत नव्हतं. ती मोनाच्या, म्हणजे शेजारणीच्या, सुनेबद्दल काहीतरी सांगत होती. ठिपक्याच्या भोवती लाली नव्हती, सूज नव्हती. भोवरी असेल. भोवरीचा मधला भाग काळा असतो, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. खोलीतला दिवा पिवळा होता, सावली पडत होती. त्याच्या हातात टॉर्च होती आणि त्याने ती लावली नाही. हे त्याला नंतर अगदी स्पष्ट आठवत राहिलं, टॉर्चचं बटण, अंगठ्याखाली त्याचा खरखरीतपणा, आणि आपण ते दाबत नाही आहोत हे कळणं. मग त्याने पायावर चादर ओढली.

“झालं का पाहून?” माय म्हणाली.

“झालं.”

“बरा हाय न?”

“बरा हाय.”

त्यानंतर तीन दिवस त्याने पाय पाहिले नाहीत. पाहिले नाहीत असं म्हणणंही पूर्ण खरं नव्हतं. तो संध्याकाळी फडकं घेऊन खाटेशी बसायचा, डावा तळवा नीट पुसायचा, बोटांत बघायचा, आणि उजव्या पायावरून फडकं फिरवताना त्याची नजर खिडकीकडे जायची. हात पुसत असायचा आणि डोळे बाहेरच्या तारेवर बसलेल्या साळुंकीवर असायचे. जोवर आपण बघत नाही तोवर तो ठिपका भोवरी होता. बघितला की तो दुसरं काही होणार होता. हा विचार त्याने असा मांडून केला नाही. तो त्याच्या अंगात कुठेतरी खाली, पोटाच्या मागे, असल्यासारखा होता, आणि त्याच्या भोवती बाकीचे दिवस रोजच्यासारखे चालले होते. करडीहून खुशबूचा फोन यायचा. त्यांच्याकडच्या बोलीत पाहणं म्हणजे ‘पायणं’, त्यामुळे तिचा रोजचा प्रश्न एकच शब्द दोनदा उच्चारल्यासारखा वाटायचा: “आईचे पाय पायले का?” तो “पायले” म्हणायचा. या शब्दाचा त्याला कान धरून मुरगाळल्यासारखा त्रास होऊ लागला. पाचव्या दिवशी माय जेवली नाही. सहाव्या दिवशी उन्हाच्या चौकोनात ती बसली नाही, खाटेवर पडून राहिली. “अंग कसंसंच करून राहिलं गा,” म्हणाली, “थंडी भरली असन.” त्याने तापाची गोळी दिली. गोळी देताना त्याचा हात तिच्या पोटरीला लागला. पोटरी गरम होती, तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखी गरम, आणि त्याने हात काढून घेतला, आणि पाणी आणायला म्हणून आत गेला, आणि आत माठापाशी कितीतरी वेळ नुसता उभा राहिला.

खुशबू सातव्या दिवशी सकाळच्या बसने आली. कोणाला न सांगता आली, गुड्डीच्या सासूबाई आल्या म्हणून. दारात चप्पल काढताना तिने बाहेरच्या खोलीत झाकलेलं मशीन पाहिलं. ती दारातच थांबली होती, मान जरा वर करून.

“वास कायचा येऊन राहिला?” ती म्हणाली.

वीरेंद्रला वास आला नव्हता. आत्ता, ती म्हणाल्यावर, आला. आणि तो दोन दिवसांपासून येत होता हेही त्याच क्षणी कळलं. खुशबू पिशवी टाकून सरळ खाटेकडे गेली. चादर वर केली. ती ओरडली नाही. तिने उजवा पाय घोट्यापाशी धरून उचलला आणि खालच्या आवाजात म्हणाली, “तुमी पायत होते न रोज?” तळवा निळा-काळा झाला होता. अंगठ्याखालची गादी फुगून तिला फट पडली होती आणि लाल रेघ घोट्यावरून पोटरीकडे निघाली होती. माय तिच्याकडे बघून हसली. “आलीस का व? पोरगी कशी हाय गुड्डीची?”

गाडी करून ते भंडाऱ्याला निघाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाची खुंटं पसरली होती, मैलोन्‌मैल, कातरलेल्या डोक्यासारखी. मायचं डोकं खुशबूच्या मांडीवर होतं आणि पाय वीरेंद्रच्या. फडक्यात गुंडाळलेला तो पाय त्याच्या मांडीवर कलिंगडासारखा जड होता. तो विचार करत होता की डॉक्टर विचारतील तेव्हा सांगायचं. पहिलंच वाक्य तेच म्हणायचं. त्याने ते मनात जुळवून ठेवलं: माझ्या मशीनचं बिट तुटलं होतं. मग दुसरं वाक्य: मला माहीत होतं. दुसरं वाक्य पुन्हा पुन्हा मोडत होतं. एक्स-रे काढला. काचेमागच्या उजेडात मायच्या पायाची हाडं दिसली, चार बोटांची, आणि अंगठ्याच्या खाली, हाडाला टेकून, एक लहानशी पांढरी रेघ. हाडांहून पांढरी. रेघेवर बारीक पीळसुद्धा दिसत होता, त्याला तरी दिसला.

“हे काय आहे?” डॉक्टरबाई म्हणाल्या. “धातूचं काहीतरी. सुई? किती दिवस झाले?”

वीरेंद्रने तोंड उघडलं.

“सुई होय जी,” माय स्ट्रेचरवरून म्हणाली. तिचा श्वास चढत होता, पण आवाज स्वच्छ होता. “मीच गोधडी शिवत बसली होती. सुई पडली अन् सापडलीच नाही. कोणाले सांगतलं नाही मी. माझीच चूक होय.”

खुशबूने मायकडे पाहिलं. मग वीरेंद्रकडे. चार वर्षं झाली होती मायने सुई हातात धरून; तिला दोरा ओवता येत नव्हता, सुईचं नाक दिसत नव्हतं, गोधड्या शिवायला ती आता मोनाकडे टाकायची. हे घरात तिघांनाही ठाऊक होतं. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं, बहुधा सुई. वीरेंद्रचं उघडलेलं तोंड हळूहळू मिटलं. त्याला वाटलं, आता बोलावं. आणि वाटलं, आता बोललो तर माय खोटी पडेल. हे कारण किती सोयीचं आहे तेही त्याला त्याच वेळी दिसत होतं. बाई सांगत होत्या की हाडात शिरलंय, रक्तात पसरतंय, पाय ठेवला तर जीव जाईल, गुडघ्याखालून काढावा लागेल, आजच. सही कुठे करायची ते त्यांनी बोटाने दाखवलं. त्याने सही केली. त्याची सही सुरेख होती, वीस वर्षं नावांत काम केल्यावर होते तशी.

घरी एकदा कपडे आणायला तो एकटा आला, तेव्हा त्याने मशीन उचलून मागच्या टिनाच्या खोलीत नेऊन ठेवलं. ते वाटलं होतं त्याहून हलकं होतं. बाहेरची खोली मोकळी झाली, स्वच्छ दिसू लागली, आणि उन्हाचा चौकोन आपल्या जागी पडला होता. तो कडेकडेने गेला, त्यात पाय न देता.

खुशबूने त्याला काहीच विचारलं नाही. ती मायचं सगळं करत होती, डबा आणत होती, नर्सशी बोलत होती, त्याच्याशीही कामापुरतं बोलत होती. पण एखादी वस्तू त्याच्या हातात द्यायची असली की ती आधी खाली ठेवायची आणि मग तो उचलायचा. हे तिच्या लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे. शस्त्रक्रियेनंतरच्या सहाव्या सकाळी ती चहा आणायला खाली गेली होती. वॉर्डात झाडू फिरत होता. माय जागी होती, उशीवर डोकं टेकून. ताप उतरला होता, रंग परतला होता, आणि गेल्या दोन दिवसांत बाईंनी बरं आहे असं तीनदा सांगितलं होतं. तिच्या अंगावर हिरवी चादर होती. डावीकडे पायाचा उंचवटा पार खालपर्यंत जात होता आणि उजवीकडे तो मध्येच संपून चादर सपाट झाली होती.

“वीरू,” ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिने हे नाव घेतलं नव्हतं.

“काय माय?”

“दुखून राहिला गा.”

“कापलं तिथं? बोलावतो सिस्टरले.”

“तिथं नाही.” तिने चादरीच्या सपाट भागाकडे हात केला. “पाय. पाय दुखून राहिला. इतके वर्षं काई समजत नोहोतं, आता सगळं समजून राहिलं. बोटं समजतात. जे बोट मागं काढलं तेही समजते. अन् अंगठ्याच्या खाली काहीतरी घुसून हाय. लय टोचते.”

त्याने सिस्टरला बोलावलं. सिस्टर आली, तिने गोळी दिली, म्हणाली की असं होतं, नसलेलं अंग दुखतं, डोक्याला अजून कळलेलं नसतं, हळूहळू कमी होईल. ती गेली. माय ऐकत होती आणि तिच्या कपाळावर घाम होता. ती वीरेंद्रकडे बघत होती, आणि त्या बघण्यात राग नव्हता, दोष नव्हता, नुसता दुखणाऱ्या माणसाचा उतावीळपणा होता.

“तू पाय न जरा,” ती म्हणाली. “काय हाय तं पाय.”

तो उठला. खाटेच्या पायथ्याशी गेला. चादरीची कड उचलली आणि खाली पाहिलं. पांढरी गादी होती, तिच्यावर रबरी कापडाची सुरकुती, आणि बँडेज बांधलेला गुडघ्याखालचा भाग जिथे संपत होता त्याच्या पुढे काही नव्हतं. त्याने नजर हलवली नाही. जिथे तळवा असता, जिथे अंगठ्याखालची गादी असती, त्या जागेकडे तो बघत राहिला, डोळे चुरचुरेपर्यंत.

“दिसलं का?”

“दिसलं.”

“काय होय?”

“बिटचा तुकडा होय, माय,” तो म्हणाला. “माझ्या मशीनचा. तुटला तवा मले मालूम होतं. मंग तुझ्या पायात दिसला तवाबी मालूम होतं. मी पायलंच नाही.”

वॉर्डातला झाडू दाराबाहेर गेला. त्याला वाटलं ती रडेल, किंवा तोंड फिरवेल, किंवा म्हणेल की जाऊ दे. यातलं काहीही झालं असतं तरी त्याला पुढे काय करायचं ते कळलं असतं. ती दात आवळून छताकडे बघत होती.

“मंग काढून टाक न लवकर,” ती म्हणाली.

त्याने अंगठा आणि तर्जनी जवळ आणली. मोकळ्या जागेत, गादीपासून चार बोटं वर, त्याने चिमटीत काहीतरी धरलं आणि हळूच, सावकाश, तिला लागू नये अशा बेताने वर ओढलं. खुशबू चहाचा थर्मास घेऊन दारात आली होती आणि तिथेच उभी राहिली होती.

“निघालं का, माय?”

तिने डोळे मिटले. बराच वेळ ती आतल्या आत चाचपत असल्यासारखी निश्चल पडून राहिली. मग तिने मान हलवली.

“नाही,” ती म्हणाली. “अजून आत गेलं.”